समजूत काढणारे यंत्र

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २००९ सालच्या सुरुवातीला लहान तंत्रज्ञान कंपन्यांकडून एका वेगळ्याच कामासाठी प्रस्ताव मागवले. युद्धावर गेलेल्या आईशी किंवा वडिलांशी घरी राहिलेल्या मुलाला संगणकाच्या पडद्यावर बोलता येईल, अशी सोय त्यांना हवी होती. पडद्यावर पालकाचा चेहरा असणार होता, आधी चित्रित केलेल्या दृश्यांतून जुळवलेला किंवा संगणकावर त्रिमितीत घडवलेला. मुलाने ‘मला तुझी आठवण येते’ किंवा ‘गुड नाइट’ म्हटले की त्या चेहऱ्याने साजेसे उत्तर द्यायचे. खरा पालक त्या वेळी हजारो मैलांवर गस्त घालत असेल, झोपला असेल, किंवा फोनच लागत नाही अशा ठिकाणी असेल. मुलाशी बोलत असेल तो संगणक.

नव्या कल्पना आजमावण्यासाठी छोट्या उद्योगांना पैसा देणाऱ्या सरकारी योजनेतून ही मागणी निघाली होती. या योजनेत आधी कल्पना जमते का ते पाहतात, मग नमुना तयार करतात आणि शेवटी तो बाजारात जातो. ‘चॅटबॉट’ हा शब्द तेव्हा घरोघरी पोचलेला नव्हता. पण मागणी चॅटबॉटचीच होती, आणि तीही साध्या नव्हे, तर ओळखीचा चेहरा घेऊन बोलणाऱ्या चॅटबॉटची.

मागणीमागचे दुःख खरे होते. २००१ नंतर इराक आणि अफगाणिस्तानातल्या युद्धांमुळे अमेरिकेतल्या सुमारे २० लाख मुलांना आई किंवा वडील दूर गेल्याचा अनुभव आला. एप्रिल २००७ मध्ये लष्कराने तैनातीचा काळ १२ महिन्यांवरून १५ महिन्यांवर नेला. तो पुन्हा १२ वर यायला २००८ चा ऑगस्ट उजाडला. कित्येक सैनिक दोनदा-तीनदा गेले. अडीच वर्षांच्या मुलासाठी १५ महिने म्हणजे निम्मे आयुष्य.

या विरहाचा परिणाम वयानुसार बदलतो. तान्ह्या मुलाला फक्त घरातला एक वास आणि एक आवाज नाहीसा झाल्याचे कळते. तीन ते सहा वर्षांचे मूल कारण शोधते आणि बहुतेक वेळा ते स्वतःतच शोधते: आपण हट्ट केला म्हणून बाबा गेले. शाळकरी मुलाला बातम्या समजू लागतात, त्याचे वर्गात लक्ष लागत नाही. किशोरवयीन मुले घरातली कामे अंगावर घेतात, धाकट्यांना सांभाळतात आणि स्वतः काही बोलत नाहीत. रँड या संशोधन संस्थेने ११ ते १७ वर्षांच्या सुमारे १५०० मुलांचा अभ्यास केला. २०१० मध्ये ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या या अभ्यासात, देशातल्या इतर मुलांपेक्षा या मुलांमध्ये भावनिक अडचणी अधिक दिसल्या. पालक जितके जास्त महिने दूर, तितक्या अडचणी जास्त. त्यातला दुसरा निष्कर्ष आणखी महत्त्वाचा आहे. घरी राहिलेल्या पालकाचे मन ज्या घरात खचलेले होते, तिथल्या मुलांना जास्त त्रास झाला. म्हणजे मुलाच्या सावरण्याची दोरी बरीचशी घरातल्या माणसाच्या हातात असते.

रडणाऱ्या मुलासाठी मराठीत दोन वेगळी क्रियापदे आहेत. मुलाला भुलवता येते आणि मुलाची समजूत काढता येते. भुलवताना त्याचे लक्ष दुसरीकडे वळवतात: काऊ दाखवला, खुळखुळा वाजवला, रडे थांबले. समजूत काढताना मात्र जे घडले आहे ते मुलाला पेलेल इतक्या शब्दांत सांगावेच लागते, आणि रडे लगेच थांबत नाही. पालकाच्या चेहऱ्याने बोलणारे यंत्र यांतले कोणते काम करते, हे तपासायला हवे.

यंत्राच्या आधीही घरांनी आपापले उपाय काढले होते. पत्रे होतीच. नंतर कॅसेटवर बोलणे रेकॉर्ड करून पाठवण्याची पद्धत आली. २००६ च्या सुमारास मेन राज्यातल्या नॅशनल गार्डच्या कुटुंबांना सैनिकाचे कमरेपासून वरचे, खऱ्या आकाराचे छायाचित्र जाड पुठ्ठ्यावर चिकटवून मिळू लागले. ‘फ्लॅट डॅडी’ नावाचा हा पुठ्ठ्याचा बाप जेवणाच्या टेबलाशी बसे, गाडीत मागच्या सीटवर बसे. तो बोलत नसे, आणि त्यातच त्याचा प्रामाणिकपणा होता. हे बाबांचे चित्र आहे, बाबा नव्हेत, हे चार वर्षांच्या मुलालाही कळे.

सर्वांत टिकलेला उपाय पुस्तकाचा आहे. नौदलातल्या डॉक्टरची पत्नी बेटी मोहलेनब्रॉक यांनी १९८९ मध्ये सॅन दिएगो इथे सुरू केलेल्या कामातून ‘युनायटेड थ्रू रीडिंग’ ही संस्था उभी राहिली. तिची रीत सोपी आहे. निघण्यापूर्वी किंवा तैनातीवर असताना सैनिक कॅमेऱ्यासमोर बसून गोष्टीचे पुस्तक वाचतो. चित्र दिसावे म्हणून पान कॅमेऱ्याकडे वळवतो, मुलाचे नाव घेतो, एखाद्या शब्दाला अडखळतो, हसतो, पुन्हा वाचतो. ते चित्रण आणि तेच पुस्तक घरी पोचते. मूल पुस्तक मांडीवर घेऊन पडद्यासमोर बसते आणि बाबांनी पान उलटले की आपलेही पान उलटते. तीच फीत शंभर वेळा लागते आणि शंभर वेळा बाबा त्याच शब्दाला अडखळतात. तिथे उत्तर मिळत नाही. पण जे मिळते त्यातला शब्द न् शब्द त्या माणसाने, त्या मुलासाठी, स्वतः उच्चारलेला असतो.

‘सेसमी स्ट्रीट’ या कार्यक्रमाच्या संस्थेनेही २००६ पासून लष्करी कुटुंबांना ‘टॉक, लिसन, कनेक्ट’ या नावाने डीव्हीडी आणि पुस्तिका मोफत वाटल्या. त्यात एल्मो या लाल केसाळ बाहुल्याचे वडील कामगिरीवर जातात. २००८ च्या भागात रोझिता या बाहुलीचे वडील जखमी होऊन चाकांच्या खुर्चीत परत येतात, आणि २०१० च्या भागात एल्मोच्या चुलत बहिणीचे वडील वारलेले असतात. बाहुल्यांच्या तोंडून इतके कठीण सत्य सांगता आले, कारण मूल आणि मोठे माणूस शेजारी बसून ते पाहतील असे गृहीत धरले होते.

यंत्राशी बोलणे हे या सर्वांहून वेगळे. त्याची सुरुवात १९६६ मध्ये एमआयटीत झाली. जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाचा संगणक-प्रोग्राम लिहिला. माणसाने टंकलेल्या वाक्यातला एखादा शब्द पकडून तो प्रश्नाच्या रूपात परत करी. ‘मला आईचा राग येतो’ म्हटले की ‘घरच्यांबद्दल आणखी सांगा’, असा त्याचा प्रकार. त्याला अर्थ काहीच कळत नव्हता. तरीही वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीने थोडा वेळ त्याच्याशी बोलल्यावर त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले. तिला खाजगी बोलायचे होते. हे पाहून ते इतके अस्वस्थ झाले की पुढे या विषयावर त्यांनी इशारा देणारे पुस्तकच लिहिले. सेक्रेटरी मोठी बाई होती आणि प्रोग्राम कसा तयार झाला ते तिला ठाऊक होते. चार वर्षांच्या मुलाला यातले काहीच ठाऊक नसते.

२००९ मध्ये असे यंत्र फार तर ठरावीक शब्द ओळखून ठरावीक चित्रफीत लावू शकले असते. लष्कराच्या पैशातून दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात ‘सिमकोच’ हा संवादी मदतनीसही तयार झाला, पण त्याने कुणाच्या बाबांचे रूप घेतले नाही. सैनिकांना आणि कुटुंबीयांना माहिती देऊन योग्य माणसाकडे पाठवणे एवढेच त्याचे काम होते. नंतरच्या काळात तांत्रिक अडचण जवळजवळ उरली नाही. जून २०२२ मध्ये अ‍ॅमेझॉनने लास व्हेगासमधल्या एका परिषदेत, वारलेल्या आजीच्या आवाजात अलेक्सा नातवाला गोष्ट वाचून दाखवते, असे प्रात्यक्षिक दिले. आवाज घडवायला मिनिटभराहून कमी ध्वनिमुद्रण पुरते, असे कंपनीने सांगितले. त्याच वर्षाच्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि कोणत्याही विषयावर सलग बोलणारे यंत्र सर्वांच्या हाती पडले. संरक्षण खात्याने जे मागितले होते ते आज एखादा हौशी माणूसही घरी बसून जुळवू शकतो.

यंत्राची परीक्षा होते ती एका साध्या प्रश्नावर: ‘बाबा, तू कधी येणार?’ खऱ्या बाबालाही याचे उत्तर अनेकदा ठाऊक नसते. पण ‘मला माहीत नाही रे बाळा’ म्हणताना त्याचा आवाज जड होतो, आणि त्या जड आवाजातून मुलाला कळते की दोघांनाही एकाच गोष्टीचे वाईट वाटते आहे. यंत्र ‘लवकरच’ म्हणाले तर ते वचन कोणी दिले? बाबांनी दिलेले नाही, आईला ते ठाऊक नाही, आणि मूल मात्र ते धरून बसते. सहा महिन्यांनी बाबा घरी आल्यावर ‘तू म्हणाला होतास’ असे मूल म्हणेल, तेव्हा त्या माणसाला आपण कधीच न बोललेल्या शब्दांचा जाब द्यावा लागेल. आधीच घरी परतलेल्या सैनिकाला मुलाशी नाते पुन्हा जुळवायला वेळ लागतो. तो वाळलेला असतो, दचकतो, कधी गप्प असतो. पडद्यावरचा बाबा कधीच दमत नसे, कधीच चिडत नसे. त्याच्याशी तुलना होऊन खरा माणूस उणा ठरणे, हा त्या माणसावर मोठाच अन्याय आहे.

नुकसान आणखी एका बाजूने होते. रात्री झोपताना मूल जे विचारते त्यावरून घरातल्या माणसाला त्याच्या मनातली भीती कळते. ‘बाबांना गोळी लागेल का?’ हा प्रश्न यंत्राला विचारला गेला आणि यंत्राने तो गोड बोलून मिटवला, तर शेजारच्या खोलीतल्या आईला तो कधी कळणारच नाही. रँडच्या अभ्यासात जिच्या मनःस्थितीवर मुलाचे सावरणे अवलंबून दिसले, तिलाच यंत्र वाटेतून बाजूला करते.

आणि सैनिक परत आलाच नाही तर? पडद्यावरचा चेहरा त्या रात्रीही ‘गुड नाइट’ म्हणेल. तो बंद कधी करायचा, कोणी करायचा आणि मुलाला काय सांगून करायचा, याचे उत्तर हाती असल्याशिवाय असे यंत्र कोणत्याही मुलाच्या हाती देता येत नाही. बाप दुसऱ्यांदा गेल्यासारखे ते होईल, आणि या वेळी स्विच बंद करणारा हात घरातलाच असेल.

गुप्ततेचा प्रश्नही लहान नाही. परतीची तारीख आणि ठिकाण बाहेर सांगू नका, असे अमेरिकी लष्कर कुटुंबांना बजावते. मूल मात्र सगळे सांगते. २०१७ मध्ये जर्मनीने ‘माय फ्रेंड केला’ या बोलक्या बाहुलीवर छुपे हेरगिरी साधन ठरवून बंदी घातली, ती मुलांचे बोलणे बाहेर जाते म्हणूनच. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने सात कंपन्यांकडून, सोबत करणाऱ्या त्यांच्या चॅटबॉटचा मुलांवर काय परिणाम होतो याची माहिती मागवली. पुढच्याच महिन्यात कॅलिफोर्नियात कायदा झाला. समोर बोलणारे यंत्र आहे याची आठवण अल्पवयीन वापरणाऱ्याला अधूनमधून करून देणे त्याने बंधनकारक केले. बाबांच्या चेहऱ्याच्या चॅटबॉटला हे कसे पाळता येईल? दर काही तासांनी ‘मी तुझा बाबा नाही’ असे बाबांच्याच आवाजात सांगावे लागेल.

महाराष्ट्रातल्या फौजी घरांना यातले पुष्कळ ओळखीचे वाटेल. साताऱ्याचे अपशिंगे नावातच ‘मिलिटरी’ घेऊन उभे आहे, आणि पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या तिथल्या जवानांचा स्मृतिस्तंभ गावात आहे. अशा गावांत ‘५६ एपीओ’ या लष्करी टपालाच्या पत्त्यावर पत्रे लिहून पिढ्या मोठ्या झाल्या. आता व्हिडिओ कॉल आहे, पण फील्ड पोस्टिंगवर तो हवा तेव्हा लागत नाही. २०२० मध्ये भारतीय लष्कराने फेसबुकसह ८९ अ‍ॅप फोनमधून काढून टाकायला जवानांना सांगितले होते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यासाठी पालकाची पडताळलेली संमती घेण्याची तरतूद आहे. म्हणून फुकट मिळणारे एखादे बोलके अ‍ॅप ‘पोराला बरं वाटेल’ म्हणून उघडून देण्याआधी घरातल्यांनी थांबून विचार करायला हवा.

चॅटबॉट अगदी निरुपयोगी आहे असे नाही. आईला त्याचा आधार होऊ शकतो. पाच वर्षांच्या मुलाला ‘सीमा’ म्हणजे काय ते कसे सांगावे, बातम्या पाहून घाबरलेल्या मुलीशी काय बोलावे, हे रात्री अकरा वाजता विचारायला कोणी नसते तेव्हा ते यंत्र दोन-चार बरी वाक्ये सुचवू शकते. ती वाक्ये मग आईच्या तोंडून, आईच्या शब्दांत मुलापर्यंत जातात. मोठ्या मुलांनाही, समोर यंत्र आहे हे स्वच्छ ठाऊक असेल तर, मनातले मांडून पाहायला त्याचा उपयोग होऊ शकतो. ओळखीचा चेहरा आणि उसना आवाज मात्र त्याला देऊ नये.

लष्करी घरांत एक जुनी रीत आहे. रंगीत कागदाच्या पट्ट्यांची साखळी भिंतीला लावतात आणि मूल रोज एक कडी काढते. तैनाती लांबली की साखळी खोटी पडते. तेव्हा नव्या कड्या रात्री गुपचूप जोडायच्या नाहीत. मुलाला सोबत घेऊन बसायचे, बाबांना आणखी थांबावे लागणार आहे हे सांगायचे, आणि डिंकाची बाटली त्याच्या हातात द्यायची.