सणाला जास्त खाल्लं? उद्या उपास नको!

आग्रहाच्या पंगतीत तीन पुरणपोळ्या, वर तुपाची धार आणि कटाची आमटी झाली, की संध्याकाळी मन खाऊ लागतं: "महिनाभराची मेहनत पाण्यात गेली!" मंडळी, तशी ती जात नाही.

दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर दिसला तरी ती वाढ बहुतांशी पाण्याची असते. शरीर कर्बोदकं ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं आणि त्याच्या दर ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. मिठानेही पाणी अडतं. एक किलो चरबी वाढायला गरजेपेक्षा सुमारे ७,७०० कॅलरी जादा लागतात. एका जेवणात एवढं होत नाही.

खरं नुकसान करतो तो "आता डाएट मोडलंच आहे, तर खाऊन घेऊ" हा विचार. क्लेअर ॲडम्स आणि मार्क लिअरी यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतल्या प्रयोगात, खाण्यावर कडक बंधनं पाळणाऱ्या विद्यार्थिनींना डोनट खायला दिलं. ज्यांना "स्वतःला दोष देऊ नका" असं सांगितलं, त्यांनी नंतर कमी गोड खाल्लं.

मग काय करायचं?

✅ पुढचं जेवण चुकवू नका. भाकरी, पालेभाजी, वरण, ताक असं नेहमीचंच जेवा.
✅ शिक्षा म्हणून दुप्पट व्यायाम नको, रोजचं चालणं पुरे.
✅ वजन तीन-चार दिवसांनी करा.

खाण्यावरचा ताबा वारंवार सुटत असेल, लपून खाणं किंवा मुद्दाम उलटी काढणं होत असेल, तर मात्र डॉक्टरांशी नक्की बोला. यावर चांगले उपचार आहेत.