अक्षय्य तृतीया आणि पितरांचे जीर्ण घर

वैशाख शुद्ध तृतीया ही साडेतीन मुहूर्तांपैकी एक. या दिवशी पितरांच्या नावाने उदककुंभाचे दान होते, नव्या आंब्याचा नैवेद्य दाखवला जातो. पितरांचे स्मरण असे भक्तिभावाने करावयाचे आणि त्यांनी कष्टाने उभारलेले घर मात्र कुलूप लावून पडू द्यावयाचे, ही विसंगती जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत फिरताना आम्हांस वारंवार जाणवते. मुले पुण्या-मुंबईस गेली. मागे उरले ते दगडी जोते, मातीच्या भिंती आणि सागवानी तुळया. कौले सरकली आहेत, भिंतीच्या फटीत पिंपळ रुजला आहे, देवघराचा कोनाडा अंधारात आहे.

या भूमीत प्रत्यक्ष देवाच्या घरालाही डागडुजी चुकलेली नाही. वसईच्या १७३९ मधील विजयानंतर चिमाजी आप्पांनी ओझरच्या विघ्नेश्वराचे मंदिर नीट केले व शिखरास सोन्याचा साज चढवला, असे सांगितले जाते. त्याच मंदिराचा १९६७ मध्ये गणेशभक्त आप्पाशास्त्री जोशी यांनी पुन्हा जीर्णोद्धार केला. एका पिढीने बांधावे आणि पुढच्या पिढ्यांनी सांभाळावे, असाच हा क्रम आहे.

सर्वांच्या नशिबी ही सेवा नसते. डिंभे धरणाच्या जलाशयात जुने आंबेगाव बुडाले. तालुक्याने त्या गावाचे नाव धारण केले आहे. पण तेथील कुटुंबांना वाडवडिलांच्या उंबरठ्यावर पणती लावावयाची म्हटले, तरी तो उंबरठा पाण्याखाली आहे. ज्यांचे घर अद्याप उभे आहे, त्यांनी हे भाग्य ओळखावे.

मग आरंभ कोठून करावा? आमच्या मते, गवंड्यास बोलावण्यापूर्वी भावंडांस बोलवावे. कित्येक वाडे पावसाने पडण्याआधी भाऊबंदकीने पडतात. सर्वांचे घर ते कोणाचेच नव्हे, अशी गत होते. बहिणींचाही हक्क आता कायद्याने मान्य आहे. यास्तव तृतीयेच्या दिवशी सर्व हिस्सेदारांनी त्याच ओसरीवर एकत्र बसावे, घर राखावयाचे की नाही हे ठरवावे आणि खर्चाचा वाटा कागदावर लिहून घ्यावा.

त्यानंतर केरसुणी हाती घ्यावी. बंद घरात सर्प-विंचवाचे भय असते. म्हणून दारे-खिडक्या उघडून, काठीने चाहूल देत आत जावे. केर निघाला म्हणजे घराचे दुखणे दिसू लागते. तुळया व खांब टोच्याने टोचून पाहावेत. लाकूड भुसभुशीत लागले तर वाळवीने आत घर केले आहे असे समजावे. भिंतीच्या भेगेवर गिलाव्याची लहान पट्टी लावून तीवर तारीख घालावी. काही महिन्यांत ती पट्टी तडकली, तर भिंत अजून सरकते आहे हे कळते.

लेण्याद्रीचा गिरिजात्मज ज्या विहारात विराजमान आहे, तो मुळात बौद्ध भिक्षूंचा निवास. अखंड खडकात कोरलेल्या त्या दालनाला ना कौल, ना तुळई. आपल्या घरांना ते सुख नाही. त्यांचे आयुष्य छपरावर अवलंबून. म्हणून पहिला पैसा छपरावर घालावा. तृतीयेपासून मृगाच्या पावसापर्यंत साधारण महिनाभराचा अवधी मिळतो. तेवढ्यात फुटकी कौले बदलून शाकारणी करावी, पन्हाळी मोकळ्या कराव्यात आणि जोत्यापासून पाणी दूर वाहील असा चर काढावा. पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यात पाऊस मोठा असल्याने तेथे ही घाई अधिक. भिंतीतील पिंपळ ओढून काढू नये, दगड सुटतात; तो छाटून त्याची मुळे हळूहळू मारावीत. टेकू दिल्यावाचून कोणताही खांब हलवू नये. मातीच्या भिंतीस सिमेंटचा गिलावा करण्याचा मोह टाळावा; ओल आत कोंडून भिंत आतून खचते. चुन्याचा वा मातीचा गिलावा तिला श्वास घेऊ देतो.

एवढे झाल्यावर थांबावे. भर पावसात एक दिवस येऊन घर कोठे गळते ते डोळ्यांनी पाहावे. पाऊस जे दाखवतो ते कोणत्याही कारागिराच्या अंदाजाहून खरे असते. मोठे काम विजयादशमीस हाती घ्यावे. वास्तुशांती तर त्याहून पुढची.

मात्र एक गोष्ट पुढे ढकलू नये. घर झाडून झाले की त्याच सायंकाळी देवघरात दिवा लावावा. अक्षय्य म्हणजे ज्याचा क्षय होत नाही ते. माती झिजते, लाकूड किडते. पण त्यांची काळजी वाहणारा कोणी घरात असेपर्यंत घर मोडत नाही. पितरांना उदककुंभ देताना त्यांच्या घराच्या किल्लीचीही आठवण ठेवावी, एवढीच वाचकांस आमची विनंती.