चुकीला नाव हवे!

आमचे बाबा गोंदियातल्या एका राईस मिलचे मुनीम. धानाच्या नोंदी संगणकात घालायला मी त्यांना प्रोग्राम करून दिला. व्याकरणाचे नियम दिले, की मजकूर वाचणारा प्रोग्राम आपोआप घडवणारे एक अवजार असते. त्याला 'पार्सर जनरेटर' म्हणतात. १९७०च्या दशकात बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी केलेले 'याक' त्यांतले प्रसिद्ध. वाचताना अडले, की त्याचे ठरलेले उत्तर एकच: 'सिंटॅक्स एरर'! माझे अवजार त्याच घराण्यातले.

एका रात्री बाबा डोके धरून बसलेले दिसले. "आता जमत नाही रे. नवा माणूस पाहा म्हणतो मालकांना."

४० वर्षे वह्या सांभाळलेला माणूस दोन शब्दांनी हरला होता! चूक एवढीच, की एका ओळीत दर राहिला होता.

मी रात्रीच बसलो. पार्सर अडतो तेव्हा ओळ कोणती, शब्द कोणता आला आणि कोणता यायला हवा होता, हे त्याला ठाऊक असते. त्यावरून 'नोंदचूक' या मूळ वर्गाचे तीन पोटवर्ग केले: 'दर राहिला', 'माप अनोळखी', 'नोंद अर्धवट'.

सकाळी पडद्यावर उमटले: 'ओळ ७: दर राहिला.'

बाबा हसले, "मग असं सांग ना बाप्पा!"

नव्या माणसाची गोष्ट पुन्हा निघाली नाही.