डिक लेबो : हॉल ऑफ फेममधील खेळाडू आणि झोन ब्लिट्झ

अमेरिकन फुटबॉलमधील डिक लेबो यांना 2010 साली कँटन येथील प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले, तेव्हा ते पिट्सबर्ग स्टीलर्सच्या बचावाची सूत्रे सांभाळत होते आणि त्या संघाने त्यांच्या कारकिर्दीत 2005 व 2008 या हंगामांचे विजेतेपद मिळवलेले होते. साहजिकच हा सन्मान प्रशिक्षकाचा आहे, असा समज पसरला. वास्तविक त्यांची निवड खेळाडू म्हणून झाली. क्लीव्हलँड ब्राउन्सने 1959 मध्ये निवडून हंगामाआधीच वगळलेले लेबो 1972 पर्यंत डेट्रॉइट लायन्सकडून कॉर्नरबॅक, म्हणजे चेंडू झेलायला धावणाऱ्या प्रतिस्पर्ध्यावर पहारा ठेवणारे बचावपटू, म्हणून खेळले. या 14 हंगामांत त्यांनी प्रतिस्पर्ध्याने फेकलेला चेंडू 62 वेळा मध्येच झेलून घेतला (यालाच इंटरसेप्शन म्हणतात) आणि अंगावर आदळणाऱ्या या खेळात सलग 171 सामने खेळून दाखवले. अशा खेळाडूला निवृत्तीनंतर 38 वर्षे थांबावे लागले, हा निवड करणाऱ्यांच्या दृष्टीचाच दोष मानावा लागेल.

दुसरा गैरसमज त्यांच्या नावाशी जोडल्या गेलेल्या झोन ब्लिट्झविषयीचा असून, हा डाव म्हणजे सर्वस्व पणाला लावून केलेली चढाई, असे अनेकांना वाटते. ब्लिट्झमध्ये क्वार्टरबॅकवर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या सूत्रधारावर, नेहमीपेक्षा अधिक बचावपटू तुटून पडतात खरे, परंतु त्यामुळे मागे मैदान उघडे पडते, आणि चेंडू झटपट जवळ फेकणाऱ्या संघांना नेमके तेच हवे असते. लेबो यांच्या रचनेत मागचा एखादा लाइनबॅकर अनपेक्षितपणे चाल करून जातो, तर पुढे उभा असलेला धिप्पाड लाइनमन चढाईचा आव आणून मागे सरतो आणि मोकळी वाटणारी जागा राखतो. चढाई करणारे बहुधा पाचच असतात, उरलेले सहा जण एकेका प्रतिस्पर्ध्याला नव्हे, तर मैदानाच्या ठरलेल्या भागांना सांभाळतात. म्हणजे संख्या फारशी वाढत नाही. वाढतो तो क्वार्टरबॅकच्या मनातील गोंधळ, आणि या रचनेचे खरे सौंदर्य तिथेच आहे.

ही कल्पना एकट्या लेबो यांची, हेही पूर्ण सत्य नाही. लाइनमनला मागे पाठवण्याचे प्रयोग मायामी डॉल्फिन्सचे बिल आर्न्सपार्गर यांनी पूर्वीच केले होते. लेबो यांनी त्यांच्याशी चर्चा करून 1980 च्या दशकात सिनसिनाटी बेंगल्समध्ये त्या प्रयोगांना परिपूर्ण पद्धतीचे रूप दिले, आणि हे श्रेय कमी नाही.

उत्तम बचाव-प्रशिक्षक उत्तम मुख्य प्रशिक्षक ठरतोच, असेही नाही: बेंगल्सचे मुख्य प्रशिक्षक असताना (2000–2002) त्यांच्या वाट्याला 12 विजय आणि 33 पराभव आले. पुढे 2004 मध्ये स्टीलर्सकडे परतल्यावर मात्र 2008 च्या हंगामात संपूर्ण लीगमध्ये सर्वांत कमी गुण देणारा बचाव त्यांनीच उभा केला, आणि टेनेसी टायटन्सबरोबरचा 2017 चा हंगाम संपला तेव्हा खेळाडू व प्रशिक्षक मिळून त्यांचे सलग 59 हंगाम भरले होते.