स्टेडियमचं नाव विकताना नेमकं काय विकलं जातं?

मैदान क्लबचं, खर्च क्लबचा, मग नाव ठरवताना चाहत्यांना कशाला विचारायचं? प्रश्न रास्त वाटतो. आज आपण तीन शहरांची उदाहरणं घेऊन त्याचं उत्तर शोधू.

आधी व्यवहार समजून घेऊ. नामकरणाचे हक्क घेणारी कंपनी प्रवेशद्वारावर आपला फलक लावते, हे तर झालंच. पण खरी किंमत असते ते नाव उच्चारलं जाण्याची. समालोचकानं ते म्हणावं, बातमीत ते छापून यावं, मित्रानं मित्राला ‘तिथे भेटू’ म्हणताना तेच नाव घ्यावं. म्हणजे क्लब जे विकतो ते बऱ्याच अंशी लोकांच्या तोंडचं असतं. चाहत्यांचा संबंध येतो तो इथे.

आता न्यूकॅसलकडे बघू. न्यूकॅसल युनायटेड १८९२ पासून सेंट जेम्स पार्कवर खेळतो. शहराच्या ऐन मध्यावरचं हे मैदान. त्याच्या एका टोकाला गॅलोगेट म्हणतात, म्हणजे फाशीच्या वधस्तंभाकडे जाणारा रस्ता. दुसऱ्या टोकाचं नाव लीझेस, हे जुन्या कुरणांवरून आलेलं. पश्चिमेचा स्टँड जॅकी मिलबर्नच्या नावाचा. खाणकामगारांच्या वस्तीतून आलेल्या या खेळाडूनं १९५१, १९५२ आणि १९५५ असे तीन एफए कप क्लबला मिळवून दिले. शहराचा बराचसा इतिहास या नावांतच सापडतो.

नोव्हेंबर २०११ मध्ये मालक माइक ॲशली यांच्या काळात मैदानाचं नाव ‘स्पोर्ट्स डायरेक्ट अरीना’ झालं. ही दुकानांची साखळी ॲशली यांचीच. क्लबचं म्हणणं असं की, यातून पुढच्या प्रायोजकांना जागेची किंमत कळेल. चाहते भडकले, पण बहुतेकांनी जुनंच नाव घेणं चालू ठेवलं. हाच त्यांचा सर्वात परिणामकारक निषेध ठरला.

पुढे काय झालं ते बघा. ऑक्टोबर २०१२ मध्ये ‘वोंगा’ ही कंपनी जर्सीची प्रायोजक झाली आणि करारातच तिनं जुनं नाव परत आणलं. चाहत्यांना हवं ते मिळालं. मात्र वोंगाचा धंदा पगार होईपर्यंत चढ्या व्याजानं उसने पैसे देण्याचा. नाव परत आलं, आणि खेळाडूंच्या छातीवर सावकाराचं नाव आलं! यात आनंद मानायचा की लाज वाटून घ्यायची, यावर चाहत्यांत मतभेद झाले. त्या मतभेदात दोन्ही बाजूंना तथ्य होतं.

मग प्रायोजकाचं नाव म्हटलं की चाहते विरोधच करतात का? तसं नाही. आर्सेनलनं २००४ मध्ये एमिरेट्स या विमान कंपनीशी सुमारे १० कोटी पाउंडांचा करार केला, जर्सीसकट. २००६ मध्ये क्लब हायबरी सोडून नव्या मैदानात गेला. नवं नाव काही जणांना खटकलं, पण ते रुळलं. कारण इथे कुठलंही जुनं नाव पुसलं गेलं नव्हतं, आणि नव्या बांधकामाला पैसा लागणार हे लोकांना दिसत होतं. चाहत्यांची खरी तक्रार होती ती आतल्या कोरेपणाची. हायबरीतली ‘नॉर्थ बँक’ आणि ‘क्लॉक एंड’ ही स्टँडची नावं त्यांना हवी होती, आणि २०१० मध्ये ती नव्या मैदानात आली. स्टेडियमच्या नावाबाबत तडजोड करणारा चाहता स्वतःच्या स्टँडच्या नावाबाबत सहसा करत नाही, कारण तिथे त्याचा बाप, आजोबा उभे राहिलेले असतात.

तिसरं उदाहरण जर्मनीतल्या न्युर्नबर्गचं. तिथल्या स्टेडियमला आधी एका कर्ज-सेवेचं, मग एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीचं नाव होतं. चाहत्यांची जुनी मागणी मॅक्स मॉरलॉकच्या नावाची. १९५४ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात हंगेरीविरुद्ध जर्मनी ०-२ नं मागे असताना पहिला गोल करणारा हा न्युर्नबर्गचा खेळाडू. २०१७ मध्ये कॉन्सर्सबँकेनं हक्क घेतले, चाहत्यांनी वर्गणी काढली, आणि मैदान ‘मॅक्स-मॉरलॉक-स्टेडियम’ झालं. बँकेनं पैसे दिले ते स्वतःचं नाव न लावण्यासाठी, आणि तरीही तिला प्रसिद्धी मिळालीच.

या तिन्ही ठिकाणी चाहते साधारण तीनच गोष्टी तपासताना दिसतात. नव्या नावानं जुनं नाव हटतंय का? पैसा क्लबच्या कामी येतोय की मालकाच्या दुसऱ्या धंद्याच्या? आणि आम्हाला आधी विचारलं का? यांची उत्तरं बरी असतील तर प्रायोजकाचं नावही अंगवळणी पडतं. नसतील तर फलक बदलतो, पण बसमधला माणूस कंडक्टरकडे जुन्याच नावाचं तिकीट मागतो. त्या माणसावर कुठलाही करार लागू होत नाही, आणि नामकरणाची किंमत ठरवताना क्लबनं हे ध्यानात घ्यायला हवं.