विकर न घातलेली नळी

सीताफळ म्हटलं की दौलताबाद आणि बालाघाट आठवतात. क्रांती चौकातून उस्मानपुऱ्याकडे गेल्यावर फार्मसीची जी प्रयोगशाळा लागते, तिथे मात्र फळापेक्षा पाल्याला मान आहे. वनस्पतिशास्त्र विभागाने नमुना ओळखून दिला की पाला सावलीत वाळवतात, जाडसर भरडतात आणि सॉक्सलेट उपकरणात अल्कोहोलने तासन्‌तास अर्क काढतात. अल्कोहोल उडालं की तळाशी काळपट हिरवा, चिकट अर्क उरतो.

मला खिळवून ठेवलं ते पुढच्या कामाने. नळीत स्टार्च आणि अमायलेज, म्हणजे आपण खाल्लेल्या भाकरीची साखर करायला घेणारं विकर. मग डीएनएसए हे रसायन घालून नळ्या उकळत्या पाण्यात. साखर जितकी जास्त, तितका पिवळा रंग तांबूस होत जातो. तो 540 नॅनोमीटरवर मोजायचा. अर्काने विकर रोखलं तर रंग फिका राहतो. तुलनेला अकार्बोज, मधुमेहाचं एक औषध. लठ्ठपणासाठी अशाच धर्तीची तपासणी चरबी पचवणाऱ्या लायपेजवर. तिथे तुलनेला ऑर्लिस्टॅट.

पण अर्क मुळातच रंगीत, शिवाय त्यात स्वतःची साखर. म्हणून दर मात्रेला विकर न घातलेली एक नळी लावायची आणि तिचं रीडिंग वजा करायचं. कंटाळवाणं काम आहे, पण माझा विश्वास बसतो तो याच नळीमुळे. पाल्यातल्या टॅनिनांचं आणखी वेगळं. ती दिसेल त्या प्रथिनाला चिकटतात, आणि विकर हेही प्रथिनच. आकडा सुरेख येतो, औषध हाती लागत नाही.

पाल्यातून औषधापर्यंतची वाट लांब असते. युरोपातल्या गॅलेगा या झुडपातल्या गॅलेजिनने साखर उतरायची, पण ते विषारी होतं. त्याच्याच कुळातलं मेटफॉर्मिन 1922 मध्ये तयार झालं आणि रुग्णांवरचे त्याचे निष्कर्ष झाँ स्टर्न यांनी 1957 मध्ये मांडले. सीताफळाच्या पाल्याने मधुमेही उंदरांची साखर उतरल्याचं 2004 मध्ये छापून आलं आहे. ते उंदरांपुरतं.

दारातल्या शिपाईकाकांनी विचारलं, “मॅडम, आमच्या हिला रोज दोन पानं चावायला देऊ का?”

नळ्या मांडणारी विद्यार्थिनी थांबली. “काका, गोळी चालू असताना पाल्यानेही साखर उतरली तर चक्कर येऊन पडतील त्या. आधी डॉक्टरांना विचारा. आणि गोळी बंद करू नका.”

“मग तुमचे उंदीर कधी?”

“नीतिसमितीची परवानगी आल्यावर.”