फुकटचा ‘लाल परी’ मॉड डाउनलोड केलात, आता बनवणाऱ्यासाठी एवढं करा

तुमच्या फोनवर ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ म्हणजे आपला बुसिड असेल, तर ‘एमएसआरटीसी मॉड’ हे तुम्ही एकदा तरी सर्च केलंच असणार. हा गेम इंडोनेशियातल्या मालेओ कंपनीने २०१७ मध्ये आणला. त्यात गाड्या तिकडच्या, रस्तेही तिकडचे. तरी आमच्या जव्हार-मोखाड्यातली पोरं त्यात लाल परीच पळवतात, आणि समोर वळण आलं की तोरंगण घाट उतरत असल्यासारखा हॉर्न वाजवतात.

ही लाल परी कंपनीने दिलेली नाही. कुणीतरी रात्री जागून ती बनवली आणि फुकट टाकली. आज या ‘कुणीतरी’बद्दल बोलूया.

लिव्हरी आणि मॉड यात फरक काय?

लिव्हरी, म्हणजे आपण जिला स्किन म्हणतो, ती एक पीएनजी इमेज असते. बसचा आकार तोच राहतो, अंगावरचा रंग आणि अक्षरं बदलतात. पिक्सेललॅबसारखं ॲप वापरून ती फोनवरसुद्धा बनते.

व्हेईकल मॉडचं काम मात्र मोठं. त्यात अख्खी बस थ्रीडीमध्ये उभी करावी लागते. बहुतेक जण त्यासाठी ब्लेंडर हे मोफत सॉफ्टवेअर वापरतात. चाकं, आरसे, दरवाजे, लाइट सगळं वेगवेगळं बनवायचं आणि मग युनिटीमधून गेमला कळेल अशा फाइलमध्ये आणायचं. शिवाय मॉडेलमध्ये बारकावे जास्त झाले की कमी रॅमच्या फोनवर गेम अडकतो. म्हणून आधी घासूनपुसून केलेलं काम नंतर कापत बसावं लागतं.

माझी एक चूक

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना मी एका ग्रुपवर एसटीची लिव्हरी टाकली होती. मी बनवलेली नव्हती. कोपऱ्यात बनवणाऱ्याचं नाव होतं, ते ‘चांगलं दिसत नाही’ म्हणून मी पुसलं. ग्रुपवर सगळे “भावा, एक नंबर!” म्हणाले आणि मी गप्प बसून ते घेतलं.

काही दिवसांनी एक मेसेज आला. “दादा, फाइल वापरा, पण नाव तरी राहू द्या.” पाठवणारा मोखाड्याजवळच्या एका पाड्यावरचा अकरावीतला मुलगा निघाला. घरी रेंज नाही म्हणून फाइल अपलोड करायला तो टेकडीवर जायचा. मी माफी मागितली आणि नाव लावून पोस्ट पुन्हा टाकली. पण तोवर बिननावाची फाइल दहा ग्रुपवर फिरली होती, ती परत कशी आणणार? त्या पोराने त्यानंतर नवीन काही टाकलं नाही.

खरं तर ही गोष्ट आपल्या भागाला नवी नाही. टी-शर्टवर, कपांवर तारपा नाच छापलेला दिसतो. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, पण त्या कपावर चित्र काढणाऱ्याचं नाव सहसा नसतंच. तिथे आपल्याला राग येतो. मग गेममध्ये आपण तेच का करतो?

मग काय करायचं?

१. फाइल नको, लिंक पाठवा. मित्राने मॉड मागितला तर बनवणाऱ्याची मूळ लिंक द्या. डाउनलोड, व्ह्यू, कमेंट सगळं त्याच्याकडे जमा होतं. झिपचा पासवर्ड व्हिडिओत ठेवतात म्हणून पोरं वैतागतात, पण लोकांनी निदान मूळ व्हिडिओपर्यंत यावं, यासाठीच बरेच जण ही युक्ती करतात.

२. नाव लावा. स्क्रीनशॉट, रील, गेमप्ले काहीही टाकलं तरी ‘मॉड: अमुक’ एवढं लिहा. लिव्हरीत बदल करून पुढे द्यायची असेल तर आधी विचारा.

३. “चालत नाय” एवढंच लिहू नका. फोनचं मॉडेल, रॅम, गेमचं व्हर्जन, नेमकं काय केल्यावर गेम बंद पडला आणि एक स्क्रीनशॉट, एवढं द्या. मी रोज सॉफ्टवेअर बनवतो, म्हणून सांगतो, असा एक रिपोर्ट शंभर ‘नाइस भाई’पेक्षा जास्त कामाचा असतो. तुमचा फोन जुना असेल तर टेस्टिंग करून देतो म्हणा. बनवणाऱ्याकडे सगळे फोन नसतात.

४. फोटो द्या. जव्हार डेपोची गाडी तुम्ही रोज बघता, लांब राहणारा मॉडर बघत नाही. स्टँडवर उभ्या गाडीचे समोरून, बाजूने, मागून फोटो काढा. चालत्या गाडीसमोर जाऊ नका, आणि ड्रायव्हर-कंडक्टरना विचारून घ्या.

५. जमलं तर पैसे, पण हक्काने मागणी नको. त्याने स्वतः यूपीआय दिला असेल तर दहा-वीस रुपयेही चालतात. पण फुकट मिळालेल्या गोष्टीला “पुढचा मॉड कधी? लवकर टाक ना” म्हणून मागे लागू नका. त्याचीही परीक्षा असते, शेतीची कामं असतात.

आणि स्वतःसाठी एक सूचना: मॉडच्या नावाखाली कुणी एपीके फाइल इन्स्टॉल करायला सांगितली तर करू नका. बुसिडचा मॉड गेममध्ये उघडतो, त्याला तुमचे एसएमएस आणि कॉन्टॅक्ट वाचायची परवानगी लागत नाही.

यातून होतं काय?

‘काउंटर-स्ट्राइक’ माहीत आहे ना? तो १९९९ मध्ये ‘हाफ-लाइफ’ या गेमचा फुकट मॉड म्हणून सुरू झाला. मिन्ह ली आणि जेस क्लिफ यांनी बीटा काढायचे, खेळणाऱ्यांनी चुका सांगायच्या, की पुढचा बीटा. २००० मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने तो विकत घेतला.

प्रत्येक मॉडचं असं होणार नाही. पण पाड्यावरचा एखादा पोरगा थ्रीडी शिकत राहील की सोडून देईल, हे बऱ्याचदा त्याला मिळालेल्या पहिल्या चार-पाच कमेंटवर ठरतं. तर आता गेम उघडा, तुमच्या आवडत्या गाडीवरचं नाव वाचा आणि त्या माणसाला शोधून दोन ओळी लिहा. नाव पुसलेलं असेल तर ज्याने फाइल दिली त्याला विचारा, “कुणी बनवली रे ही?”